दोन हातांची होडी
(प्रस्तावना)

शिडाची होडी घेणारे बरेच लोक ती चारचौघांसाठी घेतात आणि एकट्यानेच चालवतात. घेताना डोळ्यांपुढे सगळं गोकुळ असतं. बायको पुढच्या डेकवर पुस्तक वाचतेय, मुलं पाण्यात पाय सोडून बसलीत, मित्रांनी डबे उघडलेत. म्हणून सहा बिछान्यांची, केबिनमध्ये ताठ उभं राहता येईल अशी, स्वयंपाकाचा ओटा आणि स्वतंत्र संडास असलेली होडी पसंत पडते. पहिल्या हंगामात गोकुळ एक-दोनदा येतं. मग कुणाला बोट लागते, कुणाची परीक्षा येते, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न निघतं. दुसऱ्या हंगामात धक्क्यावर एकच माणूस उभा असतो आणि समोर सहा जणांची होडी. ती एकट्याने सोडायची छाती होत नाही. तो डेक धुतो, चहा करून पितो आणि घरी जातो. इंग्लंड-अमेरिकेतल्या एखाद्या मरीनात शनिवारी सकाळी चक्कर मारा. वारा चांगला असूनही होड्यांच्या रांगा जागच्या जागी बांधलेल्या दिसतील. त्यातल्या कित्येकींचं दुखणं हेच आहे.

हे पुस्तक त्या माणसासाठी लिहिलं आहे, पण त्याने ते होडी घ्यायच्या आधी वाचावं अशी इच्छा आहे. विषय मुद्दामच आखडता घेतला आहे: वापरलेली, साधारण १८ ते २६ फुटांची, एकट्याने चालवायची होडी, दिवसाची फेरी आणि फार तर शनिवार-रविवारचा मुक्काम. महासागर ओलांडणं, शर्यती, पाहुण्यांना घेऊन सहली यांतलं काही इथे नाही. सांगायचं आहे ते एकच. देखणेपण, वेग, केबिन, किंमत हे सगळं मागाहून बघा. आधी हे बघा, की मनात आल्यापासून शिडात वारा भरेपर्यंत त्या होडीला किती वेळ लागतो आणि किती हात लागतात. दोन हात आणि अर्धा तास ज्या होडीला पुरतो, ती वापरली जाते. बाकीच्या धुतल्या जातात. पुढची सगळी प्रकरणं ही एकच कसोटी निरनिराळ्या बाजूंनी लावून बघतात.

जुनी होडी म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडायची पद्धत आहे. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस मात्र जुन्याच होडीतून गेला. जोशुआ स्लोकम हा शिडाच्या जहाजांवरचा कप्तान. वाफेच्या जहाजांनी त्याचा धंदा बसवला. १८९२ मध्ये देवमाशांच्या शिकारीतून निवृत्त झालेल्या एका कप्तानाने त्याला एक जहाज देऊ केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला जाऊन बघतो तो काय, कालवं काढायच्या कामातली एक म्हातारी होडी कुरणात पडलेली! स्लोकमने १३ महिने खपून ती जवळजवळ नव्याने उभी केली. सामानाला ५५३ डॉलर आणि ६२ सेंट लागले. ‘स्प्रे’ ३६ फूट ९ इंच लांब होती. १८९५ मध्ये तो बॉस्टनहून निघाला आणि १८९८ मध्ये परतला. स्प्रेचा खरा गुण तिच्या ताकदीत नव्हता. शिडं जुळवून सुकाणू बांधून ठेवलं, की ती तासन्‌तास आपणहून मार्ग धरून राही आणि तेवढा वेळ स्लोकमचे हात मोकळे राहत.

हाच धागा १९६० मध्ये पुन्हा सापडतो. ब्रिटिश मरीन दलातला निवृत्त अधिकारी ब्लाँडी हॅस्लर याच्या डोक्यातून एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत निघाली. त्या शर्यतीत पाच होड्या उतरल्या आणि त्यांतल्या चार २५ फुटांच्या आसपास किंवा त्याहूनही लहान होत्या. फ्रान्सिस चिचेस्टर सुमारे ४० फुटी ‘जिप्सी मॉथ ३’ घेऊन ४० दिवसांत न्यूयॉर्कला पोचला आणि जिंकला. हॅस्लर ४८ दिवसांत दुसरा आला. त्याची २५ फुटी ‘जेस्टर’ म्हणजे फोकबोटीचं अंग आणि त्यावर चिनी पद्धतीचं, आडव्या पट्ट्या घातलेलं एकच शीड. सगळे दोर डेकच्या मध्यावरच्या गोल झरोक्याशी आणलेले. त्या झरोक्यात उभं राहून हॅस्लर शीड चढवी, आखडी, उतरवी; डेकवर जायची वेळ क्वचितच येई. वाऱ्याच्या दिशेवर चालणारं स्वयंचलित सुकाणूही त्याने स्वतः बेतलं होतं. एकट्याच्या होडीत काय हवं, हे जेस्टरइतकं नेमकं सांगणारी दुसरी होडी नाही.

जेस्टर ज्या फोकबोटीवरून झाली, तिचा जन्म स्पर्धेतून झाला. सामान्य माणसाला परवडेल अशी होडी हवी म्हणून स्कँडिनेव्हियातल्या संघटनांनी १९४१ मध्ये आराखडे मागवले. एकही आराखडा पुरता पसंत पडला नाही. मग आलेल्यांतल्या निवडक आराखड्यांचे गुण एकत्र करून टोर्ड सुंडेनने नवा आराखडा काढला, आणि १९४२ मध्ये गोथेनबर्गला पहिली फोकबोट पाण्यात उतरली. २५ फूट लांबी, साधारण दोन टन वजन आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तळाच्या वजनदार पात्यात, म्हणजे कीलमध्ये. आजही उत्तर युरोपात वापरलेल्या फोकबोटी विकत मिळतात, आणि एकट्याने फिरणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव वरच्या बाजूला असतं.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी होडी या इतिहासात आहे ती ‘सुहैली’. कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली होडी मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली, भारतीय सुतारांच्या हातून, सागवानी लाकडाची, ३२ फुटांची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. १९६८ च्या, कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीसाठी त्याला मोठी नवी होडी हवी होती, पण पैसा उभा राहिला नाही. मग हाताशी होती तीच सुहैली घेऊन तो इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, फाल्मथलाच परतला. पुढे २००९-१० मध्ये नौदलातले दिलीप दोंदे एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडीला बांधलेली, ५६ फुटांची. म्हणजे एकट्याने जायला होडी लहानच हवी असा नियम नाही. पण म्हादेईमागे नौदल होतं. तुमच्या-आमच्यामागे फार तर शेजारच्या होडीवरचा एखादा सज्जन असतो, आणि तोही त्या दिवशी आला असला तर.

या कथा वाचून भारावून जाणं सोपं आहे, आणि होडी निवडताना नेमकं तेच महागात पडतं. महासागरावर जागा भरपूर असते. खडक नाहीत, ओहोटी नाही, शेजारी नाही. तिथला प्रश्न झोपेचा आणि वादळाचा. शनिवार-रविवारी फिरणाऱ्याचा प्रश्न पहिल्या आणि शेवटच्या दोनशे मीटरचा असतो. सागरप्रवासी महिन्यातून एखाद्या वेळी बंदर सोडतो. आपल्याला दर शनिवारी सोडायचं असतं आणि संध्याकाळी पुन्हा धरायचं असतं. लांब कीलची जुनी होडी समुद्रात सरळ जाते, सुकाणू सोडून सँडविच खाऊ देते. पण मरीनाच्या अरुंद गल्लीत इंजिन उलटं फिरवलं की ती वाटेल तिकडे मागचं अंग फिरवते. समुद्रावरचा गुण धक्क्याजवळ दुर्गुण होतो. म्हणून होडीचं नाव काढण्याआधी ती कुठे राहणार ते ठरवावं लागतं.

एकट्याचे दोन हात म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एकदा जवळून बघू. नदीच्या मुखाशी बोयाला बांधलेली २२ फुटी होडी घ्या. वारा १२ नॉटचा. ओहोटी सुरू झाली आहे आणि वारा व पाणी एकाच दिशेने येताहेत, म्हणजे होडीचं नाक वाऱ्यात आहे. इंजिन सुरू करून गिअरशिवाय ठेवायचं. सुकाणूचा दांडा रबरी दोरीने मधोमध बांधायचा. मुख्य शीड चढवायचं, त्याचा दोर सैल ठेवायचा. मग पुढच्या टोकाला जाऊन बोयाचा दोर सोडायचा आणि सहा-सात पावलं मागे येऊन सुकाणू धरायचं. ही पावलं टाकायला, वाकून आणि शिडाची काठी चुकवून, दहा सेकंद लागतात. पाणी दोन नॉटने वाहत असेल तर तेवढ्यात होडी दहा मीटर मागे गेलेली असते, आणि शेजारची होडी तेवढ्याच अंतरावर असते. जाणता माणूस हे वेगळ्या रीतीने करतो. एक दोर कॉकपिटमधून पुढे नेऊन, बोयाच्या कडीतून ओवून, परत कॉकपिटमध्ये आणतो आणि बोयाचा मूळ दोर आधीच सोडून ठेवतो. मग सुकाणू हातात धरून, वारा बघून, योग्य क्षणी दोराचं एक टोक सोडतो आणि दुसरं ओढून घेतो. होडी तीच आणि वाराही तोच, पण सोडायच्या क्षणी माणूस सुकाणूवर असतो.

होडी बघायला जाल तेव्हा हे दहा सेकंद मनात ठेवून जा. सुकाणू न सोडता मुख्य शिडाचा दोर हाताला येतो का? पुढचं शीड गुंडाळायचा दोर कॉकपिटमध्ये येतो, की डोलकाठीपाशी जावं लागतं? वारा चढला तर शीड आखडायला किती वेळा जागा सोडावी लागते? लहान होडीत चाकापेक्षा दांड्याचं सुकाणू बरं, कारण दोन्ही हात दोरांवर असताना ते मांडीने धरता येतं. दांड्याला जोडायचा छोटा विजेवर चालणारा सुकाणूयंत्र-दांडा घेतला, की तिसरा हात मिळाल्यासारखंच होतं. या गोष्टी मागाहूनही बसवता येतात, पण डेकची रचनाच दोर मागे आणू देत नसेल तर ती होडी सोडून द्यावी.

आता लांबी. होडीची लांबी दीडपट झाली की सगळंच दीडपट होत नाही. रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढली, तर शिडाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि वजन जवळजवळ साडेतीनपट. २० फुटी होडी धक्क्याला लागताना पायाने किंवा हाताने आवरता येते. ३० फुटी होडीसमोर तो प्रयत्न करणाऱ्याचा पाय मोडतो. नांगर, दोर, शिडं, रंग, बांधायच्या जागेचं भाडं हे सगळं त्या वाढत्या मापाने चढत जातं. मोबदल्यात वेग किती मिळतो? पाण्यातून चालणाऱ्या होडीच्या वेगाला पाणरेषेच्या लांबीची मर्यादा असते: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, इतके नॉट. पाणरेषा १६ फूट असेल तर ही मर्यादा साडेपाच नॉटच्या जरा अलीकडे येते आणि २५ फूट असेल तर पावणेसातच्या आसपास. म्हणजे एवढा खर्च आणि वजन वाढवून नॉट-सव्वा नॉट हाती लागतो. शनिवारच्या सहा तासांत सरासरी चार नॉटने २४ सागरी मैल होतात. म्हणजे जाऊन परत येण्याजोगं १२ मैलांच्या आतलं सगळं तुमचं. गेटवे ऑफ इंडियापासून मांडवा समुद्रमार्गे याच टप्प्यात येतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सॉलेंटमध्ये तर एवढ्या टप्प्यात पाच-सहा बंदरं येतात. ब्रिटिश नौकानयनपटू एलन मॅकआर्थरने १९९५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘कॉरिबी’ जातीच्या २१ फुटी होडीतून एकटीने ग्रेट ब्रिटनला वळसा घातला. २१ फुटांत कुठवर जाता येतं हा प्रश्न तेव्हाच मिटला. आपल्यापुढचा प्रश्न एवढाच, की ती शनिवारी निघेल का.

कीलचा विषय पुस्तकात दोन प्रकरणं व्यापतो, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी मैलभर आत जातं आणि होड्या चिखलात बसतात. अशा जागेचं भाडं मरीनाच्या मानाने फारच कमी पडतं. पण तिथे एका खोल कीलची होडी आडवी होते. म्हणून ब्रिटनमध्ये दोन कीलच्या होड्या रुळल्या. वेस्टर्ली कंपनीची २६ फुटी ‘सेंटॉर’ १९६९ ते १९८० या काळात सुमारे २,४०० नगांत बांधली गेली आणि आजही किनाऱ्यावर सगळीकडे दिसते. ती वाऱ्याच्या अंगावर जाताना जरा मंद आहे, पण चिखलात दोन पायांवर ताठ उभी राहते. जुन्या सेंटॉरमध्ये कील जिथे अंगाला मिळतात तो भाग मजबूत केला आहे की नाही, हे मात्र बघून घ्यावं लागतं. अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला. १९६९ पासूनच्या ‘कॅटलिना २२’ चे १५,००० हून जास्त नग झाले. तिची कील वर उचलता येते, मग होडी ट्रेलरवर चढवून घरी नेता येते. मरीनाचं भाडं वाचतं हे खरं. पण दर खेपेला डोलकाठी उभी करा, तारा ताणा, होडी पाण्यात ढकला, गाडी लावून या, यात एकट्या माणसाची सकाळ जाते. अर्ध्या तासाच्या कसोटीवर ट्रेलर हा फसवा सौदा आहे. हंगामभर होडी पाण्यात ठेवून ट्रेलर फक्त हिवाळ्यापुरता वापरणारे सुखी असतात.

वापरलेल्या होड्यांचा आजचा बाजार मुख्यतः फायबरग्लासवर उभा आहे. साठच्या दशकात हे नवं साहित्य किती टिकेल याचा कुणालाच नीट अंदाज नव्हता, म्हणून अनेक कारखान्यांनी अंग जाडजूड ओतलं. त्यामुळे पन्नास वर्षांची होडी अंगाने ठणठणीत आणि बाकी सगळ्यानेच थकलेली, असा प्रकार सर्रास आढळतो. घाबरवणारं नाव असलेला ‘ऑस्मोसिस’, म्हणजे पाण्याखालच्या भागावर येणारे फोड, बहुतेक वेळा होडी बुडवत नाही; भाव पाडायला मात्र उपयोगी पडतो. खरी दुखणी दुसरीकडे असतात. एक स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या मुठीने डेकवर हळूहळू ठोकत जा. बाजारात माठ वाजवून घेतात तसाच हा प्रकार. जिथे खणखणीत आवाज येतो तिथे ठीक. जिथे बद्द आवाज येतो, तिथे दोन थरांमधलं बाल्सा किंवा प्लायवूड कुजलेलं असण्याचा संभव आहे, आणि अशी जागा बहुधा एखाद्या विंचच्या किंवा खुंटीच्या भोवती सापडते, कारण पाणी स्क्रूच्या भोकातून शिरतं.

मग केबिनमध्ये उतरा. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा जिथे अंगात उतरतात, त्याच्या खालच्या भिंतीवर तपकिरी ओघळ आहेत का? असतील तर पाणी बऱ्याच वर्षांपासून येतंय आणि आतला धातू कसा आहे हे उघडून पाहावं लागेल. तारांचं वय विचारा. दहा-पंधरा वर्षं ओलांडली असतील तर विमा कंपन्या बदलायला सांगतात, आणि तो खर्च छोटा नसतो. अंगात भोक पाडून बसवलेले व्हॉल्व्ह जरा खरवडून बघा. धातू पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर पितळातलं जस्त निघून गेलेलं आहे. असा व्हॉल्व्ह एक दिवस हातात तुटून येतो, आणि मग त्या भोकातून समुद्र आत येतो. शिडांची शिवण नखाने खरवडा. धागा तुटून वर आला तर कापड जरी चांगलं असलं, तरी उन्हाने दोरा संपवला आहे. होडी पाण्याबाहेर काढल्याशिवाय आणि स्वतंत्र तपासनिसाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याकडून मालकीची कागदपत्रं, आधीच्या विक्रीच्या पावत्यांसकट, मागा. जुन्या होडीत आधीच्या मालकाचा स्वभाव मुरलेला असतो. ज्याने वीस वर्षांच्या पावत्या एका फाईलमध्ये लावून ठेवल्या आहेत, त्याने गिअरबॉक्सचं तेलही वेळेवर बदललेलं असण्याची शक्यता जास्त.

पैशांचं गणित सांगायला मराठीइतकी नेमकी म्हण दुसरी नसेल: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकातली २० फुटी होडी जुन्या मोटारीच्या भावात, कधी त्याहूनही कमीत मिळते, आणि कधीकधी ‘घेऊन जा, पैसे नकोत’ या अटीवरही. फुकट होडी सर्वांत महाग, कारण ती पैशांऐवजी तुमचे शनिवार घेते. नवीन शिडं, तारा आणि इंजिन मिळून खरेदीच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट सहज होतात. आत बसवलेलं डिझेल इंजिन निकामी असेल तर नवीन इंजिनाचा खर्च अनेकदा अख्ख्या होडीच्या किमतीच्या पलीकडे जातो. मागे लटकवायचं इंजिन स्वस्त, घरी नेता येतं, दुरुस्तीला सोपं; पण आखूड लाटांत होडीचं मागचं अंग उचललं की त्याचा पंखा हवेत फिरतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: जेवढे पैसे आहेत त्यातले निम्मेच होडीला द्या. उरलेले निम्मे पहिल्या वर्षी आपोआप जागा शोधतात.

सुरक्षिततेवर स्वतंत्र प्रकरण आहे, तरी इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चौघांच्या होडीवरून माणूस पडला तर तिघे होडी वळवतात. एकटा पडला तर होडी तशीच पुढे जाते, आणि सुकाणूयंत्र लावलेलं असेल तर फारच सरळ. पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. हा वेग ऑलिम्पिकच्या जलतरणपटूलाही गाठता येत नाही. त्यातून मे महिन्यात इंग्लिश खाडीचं पाणी १२ अंशांच्या आसपास असतं आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वासच आवरत नाही. म्हणून पडल्यावर काय करायचं यापेक्षा पडायचंच नाही, याची तजवीज होडीतच असावी लागते. डेकवर दोन्ही बाजूंनी पट्टे, त्यांना अडकवायचा आखूड पट्टा, आणि पाण्यातून हात वर करून खाली ओढता येईल अशी शिडी. वापरलेल्या अनेक होड्यांची शिडी डेकवरूनच सोडता येते. पोहायला जाणाऱ्यांसाठी ती ठीक आहे, पडणाऱ्यासाठी तिचा काही उपयोग नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाचकाने हे पुस्तक जरा वेगळ्या डोळ्याने वाचावं. आपल्याकडे वापरलेल्या केबिनवाल्या होड्यांचा बाजार जेमतेम आहे. शीड शिकण्याचे मार्ग क्लबांतून, नौदलातून किंवा खडकवासल्यासारख्या जलाशयातून जातात. मुंबई बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो आणि पाणी वेगाने वाहतं. ऑक्टोबरनंतर सकाळी मतलई वारा मरगळतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा जोर धरतो. मांडव्याला जाऊन परत निघालेल्या एकट्या माणसाला तो पुढच्या अंगाने भेटतो, तोही दमल्यावर. म्हणून इथल्या होडीला शीड झटपट आखडता येणं जास्त महत्त्वाचं. पावसाळ्यात होडी बाहेर काढून शाकारून ठेवायची आपल्या कोळ्यांची रीत फायबरग्लासलाही तितकीच लागू आहे. होडी घेण्याआधी पावसाळ्याचे चार महिने ती कुठे ठेवणार, हे ठरलेलं असावं. लंडन, न्यू जर्सी किंवा ऑकलंडला राहणाऱ्या वाचकांपुढे अडचण उलटी आहे. बाजार भरलेला आहे, होड्या स्वस्त आहेत आणि निवड करताना हौस डोक्यावर बसते. हौसेला मोल नसतं हे खरं, पण बांधायच्या जागेला असतं, आणि ते दर महिन्याला भरावं लागतं.

पुस्तकाची मांडणी निवडीच्याच क्रमाने आहे. आधी जागा आणि वेळ, मग आकार आणि कील, मग डेकवरची रचना, त्यानंतर तपासणी आणि पैसा, शेवटी पहिला हंगाम. होड्यांची नावं आणि वर्षं मागच्या परिशिष्टात आहेत, पण वाचकाने तिथून सुरुवात करू नये. आधी कॅलेंडर काढावं आणि गेल्या वर्षातले किती शनिवार खरोखर मोकळे होते ते मोजावं. आकडा बहुधा अपेक्षेहून लहान निघतो. तेवढ्याच शनिवारांसाठी होडी घ्यायची आहे, हे पक्कं झालं की निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

उरलेल्या होड्यांसाठी एक शेवटची कसोटी आहे, आणि ती कुणी टाळू नये. व्यवहार ठरवण्याआधी विकणाऱ्याला घेऊन एकदा पाण्यावर जा. त्याला कॉकपिटच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून बसायला सांगा. होडी तुम्ही सोडा, शीड तुम्ही चढवा, वाऱ्यात एकदा आखडा, वळवा, आणि परत त्याच जागी आणून बांधा. विचारायचं ते त्याला तोंडाने विचारा, पण त्याचा हात लागू देऊ नका. सगळं नीट झालं तर भावाचं बोलायला बसा. मध्येच त्याला उठून दोर धरावा लागला, तर होडी कितीही देखणी असली तरी ती त्याची आहे. त्याचे आभार माना आणि यादीतल्या पुढच्या होडीचा नंबर फिरवा.